नाकाचे डोहाळे

नववा सरत आला आणि नाक दुसऱ्याच कुणाचं झालं.
तीन घरं पलीकडे कुणी तिरफळं ठेचली
की मला इथे, पंख्याखाली, कळतं.
नवऱ्याच्या शॅम्पूशी माझं भांडण आहे.
फ्रिज उघडला की कालचं हुमण, परवाचं हुमण
आणि तारीख नसलेलं काहीतरी.
ओटी भरायला आल्या त्यांनी अबोलीचा वळेसर माळला.
बरं वाटलं. वास नसलेलं फूल.

"आता कसले गं डोहाळे," सासूबाई म्हणतात,
"ते तिसऱ्या-चौथ्यात."
जिभेला काहीच नको आहे.
मला हवा आहे डिझेलचा वास.

नुसत्या डिझेलचा नव्हे.
पेट्रोलपंपावर जाऊन उभी राहिले, तो नव्हे तो.
डिझेल, त्यात मांडवीचं खारं पाणी, ग्रीस,
साखळीचा ओला लोखंडी दर्प, लाल साबण,
आणि हे सगळं खाकी कापडातून
उन्हात तापून आलेलं.

म्हणून दुपारी रायबंदरच्या धक्क्यावर.
चालत्या माणसाला तिकीट नाही.
चोडणला जाते, उतरत नाही, परत येते,
पुन्हा जाते.
स्कूटरवाले पोटाकडे बघून जागा देतात.
एक बाई विचारते, "माहेर चोडणचं?"
मी मान हलवते, कशीही.
माझं माहेर या दोन धक्क्यांच्या मधलं,
काही मिनिटांचं.

इंजिनाजवळ उभी राहते.
कंप तळपायातून चढतो, गुडघे, मांड्या,
मग आतलं पाणी थरथरतं.
बाळ सरकतं. टाच की कोपर, कळत नाही.

भाऊ, म्हणजे माझे वडील,
एकवीस वर्षं याच फेरीवर.
सहावीत, गॅदरिंगच्या दिवशी
ड्यूटीवरून थेट आले, खाकीतच,
माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.
संपदा कुडतरकरनं नाकाला रुमाल लावला.
मी उठले, पुढच्या रांगेत जाऊन बसले.
एवढंच.
बक्षिसाला माझं नाव पुकारलं तेव्हा
मागून टाळ्या आल्या,
सगळ्यांच्या थांबल्यावर आणखी एक.
त्यानंतर घरी आले की आधी विहिरीवर जायचे,
कोपरापर्यंत साबण, दोनदा,
आणि मगच म्हणायचे, "ये."

ते गेले तेव्हा त्यांना
उदबत्तीचा, कापसाचा वास होता. परक्याचा.

डोळ्यांना त्यांचा चेहरा फोटोतलाच आठवतो.
नाकाकडे फोटो नाही.

बांबोळीची डॉक्टर म्हणाली, बाळाला आत वास कळतात,
आई खाते त्याचे, लसूण, बडीशेप.
खाते त्याचे.
श्वासातलं पोचतं का, विचारायचं राहिलं.

काल कुष्टा खलाशानं ओळखलं.
"तूं रामनाथालें चेडूं न्हय?"
पुढे काही बोलला नाही.
हात पुसायची चिंधी मागितली तर हसलाही नाही,
नोटेसारखी घडी करून दिली.

हॉस्पिटलच्या बॅगेत तळाशी लपवली,
टोपडी, झबली, दुपटी, त्यांच्या खाली.
संध्याकाळी बघते तर सासूबाई बॅग उपसून बसलेल्या.
चिंधी हातात.
मी दारात, कमरेवर हात.
त्यांनी ती नाकाशी नेली. थांबल्या.
वाटलं, आता साबणात.
उठल्या, दुधाची धुतलेली पिशवी आणली,
चिंधी आत घातली, तोंड दोऱ्यानं आवळलं,
बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सारली.
"बाळाच्या कपड्यांना लागेल."

मग दुपट्यांच्या घड्या पुन्हा घालत,
माझ्याकडे न बघता:
"मला याच्या वेळी ओल्या चुन्याचा हवासा वाटायचा.
रात्री उठून भिंत हुंगायचे.
का, ते विचारू नकोस."